गाडीसमोर उभी असलेली माणसं

यंदाही गळीत हंगाम सुरू झाला आणि यंदाही मी जयसिंगपूरहून कोल्हापूरला येताना उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो. पुढे जायला वाट नव्हती. माझ्या काचेत ऊस सोडून काहीच नव्हतं. ना आकाश, ना रस्ता, ना समोरून येणारी एसटी. नुसत्या मोळ्या, त्यांतून लोंबणारं पाचट आणि शेवटच्या मोळीला बांधलेलं लाल फडकं. हंगामाच्या इतक्या जवळ गेलं की हंगाम दिसत नाही, चार ऊस दिसतात. ट्रॅक्टरवाल्याने गाणं मोठ्याने लावलं होतं. आपल्या मागे कोणी आहे याची त्याला खबरही नसावी.

अशा वेळी मला चार-पाच वर्षांपूर्वीचा एक हंगाम हमखास आठवतो. तो सगळा हिवाळा मी एक मोटार ओळखायचा प्रयत्न करत होतो, आणि ती मोटार मला पूर्ण दाखवायला कोणी तयार नव्हतं.

मी दातांचा डॉक्टर. माणसं मी आयुष्यभर वीतभर अंतरावरून पाहिली. रस्त्यात कोणी नमस्कार केला की मला चेहरा आठवत नाही. पण तो माणूस हसला आणि खालची डावी दाढ दिसली की त्याचं नाव, गाव, भाऊबंदकी सगळं आठवतं. तुकड्यावरून अख्खी वस्तू ओळखणं हा आपला धंदाच आहे, अशी माझी समजूत होती. त्या हिवाळ्याने ती मुळापासून उपटली, तीही भूल न देता.

एका पेशंटने मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं होतं. जुन्या, बारक्या मोटारींच्या शौकिनांचा तो ग्रुप. महायुद्धानंतर युरोपात लोकांकडे पैसा नव्हता, पेट्रोल परवडत नव्हतं, तेव्हा स्कूटरचं इंजिन बसवून केलेल्या या एवढ्याशा गाड्या. कुणाला तीन चाकं, कुणाला चार, पण मागची दोन एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेली. काहींना तर बाजूला दारच नाही. समोरचं अख्खं तोंड उघडतं आणि माणूस पाठमोरा होऊन आत बसतो. दातांच्या डॉक्टरला अशी गाडी आवडली तर नवल नाही. जगात या गाड्या फार थोड्या उरल्या आहेत. उरलेल्या गाड्यांपेक्षा त्या ओळखणारे जास्त आहेत, आणि ते सगळे या ग्रुपवर आहेत.

तिथला खेळ साधा. कोणीतरी गाडीच्या एखाद्या अवयवाचा अगदी जवळून फोटो टाकायचा, बाकीच्यांनी गाडी ओळखायची. दिव्याची कड, दाराची कडी, चाकाची टोपी. पुण्याचे एक निवृत्त अभियंते एका स्क्रूवरून देश, साल आणि कारखाना सांगत. त्यांना आम्ही ‘साहेब’ म्हणत असू. साहेब बरोबर असत असं नाही, पण त्यांना चूक म्हणण्याइतकं कोणाला काही माहीत नसे. थोरवीला एवढं पुरतं.

त्या हंगामात ग्रुपवर आबासाहेब आले. आबासाहेब म्हणजे कोल्हापुरातले रस्त्यांचे कंत्राटदार. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. त्यांनी बांधलेल्या रस्त्यांवर त्या गाड्या टिकणार नाहीत हे त्यांना ठाऊक असल्यामुळे ते त्या शेडमध्ये ठेवतात. जानेवारीत शिवाजी पेठेतल्या मैदानावर ते जुन्या मोटारींची रॅली भरवणार होते, आणि त्या रॅलीत एका ‘अतिदुर्मिळ, संस्थानकालीन’ गाडीचं अनावरण होणार होतं. तोवर गाडी गुपित. उत्कंठा वाढवायला ते रोज सकाळी तिचा एक तुकडा ग्रुपवर टाकत. सोबत उगवता सूर्य, सुविचार आणि ‘ओळखा पाहू’.

पहिला तुकडा आला त्या दिवशी माझी मोठी बहीण अक्का माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत होती. अक्काचं सासर गडहिंग्लजचं. सत्तरी ओलांडली तरी एसटीने एकटी येते, दात दाखवते, आणि शहरात सगळं कसं महाग झालंय ते ऐकवून संध्याकाळच्या गाडीने परत जाते. तिच्या गालात कापूस होता. मी सहज फोन तिच्यापुढे धरला. स्टिअरिंगचा एक तुकडा, आणि त्याच्या डावीकडे आतल्या पत्र्यावर बसवलेला गिअरचा दांडा.

अक्का खुर्चीत ताठ झाली. आँ आँ करत हात हलवायला लागली. मला वाटलं नस दुखावली. तिने स्वतःच कापूस काढून माझ्या ट्रेमध्ये टाकला.

“बाळू, ही आपली गाडी हाय.”

“कशावरून?”

“कशावरून म्हंजे? माझी गाडी मी वळखत न्हाय व्हय?”

“अक्का, अशा गाड्या हजारोंनी काढल्या होत्या.”

“काढल्या असतील. जयसिंगपुरात किती आल्या?”

एकच आली होती.

आमचे वडील अण्णा. जयसिंगपुरात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. जवळच्या साखर कारखान्यात यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता, तो जाताना आपली गाडी मागे ठेवून गेला आणि ती फिरत फिरत अण्णांच्या गळ्यात पडली. अण्णांना सायकल, बैलगाडी आणि संसार यांपैकी काहीच हाकता येत नाही, असं आईचं मत होतं. तेव्हा गाडी चालवायला शिकली अक्का. कॉलेजात नुकतं नाव घातलेली, दोन वेण्या, आणि मांडीवर अण्णांची पिशवी. गाव त्या गाडीला अंडं म्हणे. आमचं घर जैनांचं. तो शब्द आईला घरात चालत नसे. म्हणून घरात गाडीचं नाव भोपळा. “भोपळा धुतला का?” “भोपळ्यात हवा भरली का?” पाहुण्यांना वाटे, ही माणसं कुठल्या भाजीची एवढी काळजी करतात.

भोपळ्याला रिव्हर्स गिअर नव्हता. पुढे मी वाचलं की इंग्लंडात काही गाड्यांचा रिव्हर्स मुद्दाम बंद करत. मग ती कागदोपत्री मोटार न राहता मोटारसायकल ठरे आणि लायसन स्वस्तात पडे. आम्हाला हे तत्त्वज्ञान माहीत नव्हतं. मागे जायचं असेल तर उतरायचं, मागून उचलायचं आणि ओढायचं, एवढं माहीत होतं. त्यात दार समोर. एकदा अडत दुकानासमोर भिंतीला नाक लावून गाडी उभी केली, तर दार उघडेना आणि मागेही जाता येईना. शेवटी छताचं कापड गुंडाळून आधी अण्णांची टोपी आणि मग अण्णा बाहेर आले. तेव्हापासून घरात नियमच झाला: भिंतीपासून हातभर. आमच्याकडे लग्न जमवतानाही हा नियम सांगत.

हंगामात आम्ही उसाच्या बैलगाड्यांमागे अडकत असू. मग मी छतातून वर उभा राही आणि अक्का हळूहळू भोपळा पुढे नेई, इतका पुढे की माझा हात मोळीला लागे. ऊस सुटून हातात आला की अक्का इंजिनाचा असा आवाज काढी की बैल बुजत. “ए पोरी, त्या भोपळ्याला आवर की! बैल भ्यायलाय!” गाडीवान ओरडे. मग आम्ही गाडीतच ऊस सोलत असू. अक्काचे दात अजून शाबूत आहेत ते माझ्यामुळे नव्हेत, त्या उसामुळे.

पुढे तिचं लग्न ठरलं, आणि लग्नाच्या धांदलीत गाडी विकली गेली. चालवणारीच निघाली तर ठेवून काय करायचं, हा व्यवहार सगळ्यांना पटला होता. अक्काला कोणी विचारलं नाही. हळद लागल्यावर नवरीने बाहेर पडायचं नसतं. गाडी फाटकातून गेली तेव्हा ती आतल्या खोलीत होती. तिने फक्त आवाज ऐकला. “गिअर टाकाया येत न्हवता त्या मेल्याला,” एवढंच ती याविषयी नंतर बोलली, पण ती ते पन्नास वर्षं बोलत आली.

म्हणून दवाखान्याच्या खुर्चीतून उठताना ती जे म्हणाली, त्यावर मला हसता आलं नाही.

“एकदा चालवाय मिळंल काय रं? लांब न्हाय. वाईच.”

मी आबासाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हा माणूस ऐकून घेतो तेव्हा पलीकडून चहाचा घुटका ऐकू येतो.

“डॉक्टर, सिद्ध करा. ही तुमचीच गाडी हाय असं सिद्ध झालं, तर रॅलीत ताईंच्या हातात देतो. मर्दाचा शब्द हाय.”

“एकदा गाडी बघू द्या, लगेच सांगतो.”

“ते कसं जमंल? अनावरण हाय न्हवं.”

गाडी संस्थानिकांच्या गॅरेजमधून आल्याचा फलक त्यांनी आधीच रंगवून घेतला होता. कुठल्या संस्थानिकांच्या, ते फलकावर नव्हतं. ती जयसिंगपूरच्या बियाण्याच्या दुकानदाराची निघाली असती, तर फलक पुन्हा रंगवावा लागला असता. चेसिस नंबरची पट्टी कधीच गळून पडली होती आणि नंबर प्लेटवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. म्हणजे ओळखायचं ते तुकड्यांवरूनच.

मी घरचा अल्बम काढला. आणि खरा वैताग इथून सुरू झाला.

आपल्याकडे गाडीचा फोटो काढतात म्हणजे काय करतात? गाडी उभी करतात, तिला हार घालतात, नारळ फोडतात, आणि मग घरातली, शेजारची आणि रस्त्याने चाललेली सगळी माणसं तिच्या समोर उभी राहतात. भोपळ्याचे आमच्याकडे सात-आठ फोटो आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत भोपळा नाही. काकूच्या नऊवारी लुगड्याशेजारी टायरचा तुकडा आहे. एका मामाच्या कोपराखाली दिवा आहे. दोन धोतरांच्या मधल्या फटीत काहीतरी चकाकतं. मी भिंग घेऊन बसलो. माझ्या लक्षात आलं की या फोटोंतून मला आमच्या नातेवाइकांच्या चपलांचा सविस्तर इतिहास लिहिता येईल. गाडीविषयी एक ओळ लिहिता येणार नाही.

एका फोटोत तर मला अक्काच दिसेना. अण्णा, आई, काका, काकू, पंडित, शेजारचे तिघे, मी. मी फोटो तिला दाखवला. “तू कुठंयस?”

“आत,” ती म्हणाली. “मी चालवत आणली न्हवं दारात? फोटोवाला आला, सगळी म्होरं येऊन हुबारली. दार म्होरं. मी उतरू कुठनं?”

भिंग धरलं तेव्हा काकूच्या खांद्यामागे, काचेआड, स्टिअरिंगवर एक हात दिसला. पहिलं बोट सरळ पुढे काढलेलं. अक्का आजही पोळपाटाशेजारी लाटणं ठेवताना तसंच बोट काढते. तेवढीच ती त्या फोटोत आहे.

“ओरडली नाहीस?”

“फोटो चाललाय म्हटल्यावर कोण हलतंय? श्वाससुदिक घेत न्हवती मानसं.”

मी ते तुकडे कापून, मोठे करून ग्रुपवर टाकले. साहेबांचं उत्तर आलं: “आपण पाठविलेल्या छायाचित्रात प्रामुख्याने धोतर दिसते. धोतराविषयी मला माहिती नाही.” मी दुसरा पाठवला. “यात दिवा आहे, परंतु तो डावा आहे. आबासाहेबांनी आजवर बाहेरून उजवी बाजूच दिली आहे. तुलना शक्य नाही.” हे मात्र खरं होतं. आमचा फोटोवाला उन्हाच्या सोयीने नेहमी एकाच बाजूला उभा राही, आणि आबासाहेबांच्या शेडमध्ये ट्यूबलाइट दुसऱ्या बाजूला होती. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी ठरवल्यासारख्या एका गाडीच्या दोन वेगळ्या बाजू टिपल्या होत्या. मी डाव्या बाजूचा फोटो मागितला. आबासाहेबांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘डावी बाजू अनावरणात.’

त्या दिवसांत फड पेटवायचे. संध्याकाळी पाचटाची काजळी हवेतून तरंगत दवाखान्याच्या खिडकीतून आत येई आणि माझ्या पांढऱ्या ट्रेवर बसे. पेशंट तोंड उघडून पडलेला, आणि मी त्याच्या दाढेत बघताना विचार करतोय की सकाळच्या तुकड्यात दिसलेली गाडीच्या नाकावरची पट्टी जन्मजात होती की नंतर बसवलेली. एका पेशंटने तोंड धुऊन विचारलं, “डॉक्टर, किडलंय काय?” मी म्हणालो, “उजवी बाजू चांगली आहे, डावी अनावरणात.”

शेवटी मी आबासाहेबांच्या फार्महाउसवर गेलो. त्यांनी चहा दिला, गरम काकवी आणि भाकरी दिली, भिंतीवरचे सत्कार दाखवले. उघड्या शेडमध्ये, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, लाल मखमलीखाली ती गाडी उभी होती. आकार अगदी भोपळ्याचा. आणि आबासाहेब तिच्याकडे पाठ करून बसून मला फोनवर तिचे फोटो दाखवत होते.

“हे बघा, काय पॉलिश हाय.”

“आबासाहेब, ती तिथंच आहे.”

“व्हय की. पन हे बघा, ह्यात कसं बारीक बारीक दिसतंय.”

कोणाचा तरी फोन आला म्हणून ते बोलत आत गेले तेव्हा मी मखमलीजवळ गेलो. खिशात तोंडात घालायचा छोटा आरसा होता, सवयीने राहतो. मी तो मखमलीच्या काठाखालून आत सरकवला. वाकून पाहिलं. टायर दिसला. नवा.

“रिव्हर्स आहे का हिला?” मी परत येऊन विचारलं. रिव्हर्स नसेल तर निम्मं काम झालं असतं, कारण तशा गाड्या थोड्याच निघाल्या.

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “डॉक्टर, आबासाहेबाला रिव्हर्स लागत न्हाय.”

यातलं काय सिद्ध धरायचं?

घरी वेगळाच तंटा. साहेबांनी सांगितलं होतं की समोरून दार उघडणाऱ्या गाड्यांच्या दोन मुख्य जाती. एकीत दाराबरोबर स्टिअरिंगही बाहेर झुलतं, दुसरीत ते जागेवर राहतं. आबासाहेबांची गाडी पहिल्या जातीची. फोटोत सांधा दिसत होता. मला स्वच्छ आठवत होतं की मी आत शिरताना स्टिअरिंगखालून वाकत असे. म्हणजे आमची दुसरी जात. म्हणजे ही गाडी आमची नव्हेच.

“तू कवा वाकलास?” अक्का फोनवर कडाडली. “स्टिअरिंग दारासंगट भाईर याचं. तुला मी दंडाला धरून आत टाकत हुते.”

“मला आठवतंय, अक्का.”

“तुला शाळेत कविताबी आठवत हुत्या. मास्तर काय म्हनायचं?”

लहानपणची एखादी गोष्ट आपण इतक्या वेळा आठवलेली असते की तिच्यावर घट्टे पडतात, आणि मग आपण घट्ट्यांनाच गोष्ट म्हणतो. मी वाकत होतो हे खरं. पण कशाखाली? अण्णांच्या हाताखाली? छताच्या कापडाखाली? अक्काच्या रागाखाली? मी डोळे मिटून पुन्हा आत शिरून बघितलं, आणि दर वेळी जे मला हवं तेच दिसलं. आबासाहेबांचा फलक आणि माझी आठवण यांत तसा फार फरक नसावा. दोन्ही पुन्हा रंगवलेली.

तरी मी हटलो नाही. सगळे तुकडे मोठे करून छापले, बाण काढले, एका पाकिटात घातले. रॅलीच्या दिवशी ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं. अक्का पहाटेच्या एसटीने आली होती. ठेवणीतली इरकल, आणि पायात तिचे चालायला जायचे बूट.

“हे बूट कशाला?”

“क्लच दाबाय लागतोय न्हवं.”

मैदानावर हलग्या कडकडत होत्या. प्रत्येकाच्या डोक्याला फेटा होता; काहींच्या फेट्याखाली डोकं शोधावं लागत होतं. वेशीपासून मांडवापर्यंत आबासाहेबांचे चेहरे लावले होते, पुरुषभर उंचीचे. आपल्याकडे माणूस जितका मोठा दाखवतात तितका तो कळेनासा होतो, हे मला त्या हिवाळ्यात पुरेपूर पटलं होतं.

मखमल निघाली. गाडी गडद तांबडी, आरशासारखी. आमचा भोपळा हिरवट पिवळा होता. हिच्यावर ओरखडा नाही, पोचा नाही, उदबत्तीच्या घरासाठी अण्णांनी पाडलेलं भोक नाही. छताचं कापड काढून त्यांनी पक्का पत्रा ठोकला होता. फिनिशिंग चांगलं यावं म्हणून. जे ओळखून काढता आलं असतं ते सगळं हजारो रुपये खर्चून पुसलं होतं. मी पाकिटावर हात ठेवला. अक्का गाडीकडे डोळे बारीक करून बघत होती, मी न बसणाऱ्या कवळीकडे बघतो तशी.

आबासाहेब स्वतः आत बसले, मैदानाला फेरी मारली आणि गाडी थेट व्यासपीठाकडे आणली. प्रमुख पाहुण्यांनी वरूनच गाडीला हार घालायचा बेत होता. म्हणून त्यांनी ती पुढे घेतली. आणखी पुढे. नाक व्यासपीठाच्या फळीला टेकलं.

“हातभर,” अक्का पुटपुटली.

हार पडला. टाळ्या झाल्या. आबासाहेबांनी दार ढकललं. फळीला आपटलं. पुन्हा ढकललं. मग गिअरचा खर्रर्र आवाज आला, पुन्हा आला, आणि काचेआड आबासाहेबांच्या कपाळावर घाम दिसू लागला. वर पत्रा. बाजूच्या काचा मनगटभर उघडणाऱ्या. निवेदक माइकवरून सांगत होता की आता आबासाहेब आपल्यापुढे येत आहेत. ते येत नव्हते.

मैदानाचा हे बघून घेण्यात जरा वेळ गेला. मग पेठ सुरू झाली.

“आबासाहेब, भाईर या की!”

“फेटा काढा, खिडकीतनं निघताय बघा!”

“ऱ्हावा पावणं आतच, तांबडा-पांढरा लावून देतो!”

अक्का कधी उठली मला कळलं नाही. ती व्यासपीठापाशी पोचली होती. “अरं हसताय काय? रिव्हर्स न्हाय तिला. मागनं उचला अन् वढा. जड न्हाय ती.” तालमीतले चार दांडगे पुढे आले. गाडी मागून उचलली, हातभर ओढली, आणि आबासाहेब बाहेर पडून मागे न बघता व्यासपीठावर चढले.

गाडी तिथेच राहिली. मागे दुसऱ्या गाड्या खोळंबल्या. निवेदक म्हणाला, कोणीतरी ती बाजूला घ्या. आबासाहेबांचा ड्रायव्हर आत वाकला, गिअर उजवीकडे चाचपू लागला.

“डाव्या हाताला हाय, भिंतीला,” अक्का म्हणाली. “सर तिकडं.” आणि पाठमोरी होऊन आत बसली. तिने दार ओढून घेतलं. दाराबरोबर स्टिअरिंग तिच्यापुढे येऊन थांबलं, ताट वाढल्यासारखं.

तिला बाजूला घ्यायला सांगितलं होतं. तिने मैदानाला पूर्ण फेरी मारली. वळणावर गिअर एकदा खरखरला, मग बसला, आणि इंजिनाचा सूर असा बदलला की मला समोर बैल दिसले. सिद्ध करायचं ते पाकीट माझ्या खिशात होतं. कोणी मागितलंच नाही. सबंध हंगाम मी पुरावा गोळा केला, आणि तिला गाडी मिळाली ती गाडी वाटेत आली म्हणून.

परत येऊन तिने गाडी थांबवली, व्यासपीठापासून हातभर मागे. तोच फोटोवाला ओरडला, “सगळ्यांनी या, गाडीसंगट एक फोटो!” आबासाहेब, पाहुणे, संयोजक, फेटेच फेटे. सगळे गाडीसमोर ओळीने उभे राहिले, दाराला पाठी लावून. आत अक्का. मला लुगड्याशेजारचा टायर आठवला. मी पाकीट चुरगाळलं.

फोटोवाल्याने हात वर केला. माणसांनी श्वास रोखले. आणि हॉर्न वाजला.

बारक्या गाडीचा हॉर्न मोठा असतो. तोही एकदा वाजून थांबला नाही. पाहुणे उडालेच, एक फेटा सुटला, ओळ मधोमध फाटली आणि सगळे दचकून मागे बघायला लागले. फोटोवाल्याचं बोट तोवर दाबलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात नंतर नीट काढलेला फोटो आला, ज्यात बारा माणसं आहेत आणि गाडी नाही. पहिला मी फोटोवाल्याकडून मागून घेतला. दुभंगलेल्या ओळीच्या मधे, समोरून, अख्खी गाडी: दोन्ही दिवे, नाक, काच. काचेत अक्का, स्टिअरिंगवर एक हात, पहिलं बोट सरळ पुढे.

एसटीत बसवताना मी तिला विचारलं. “आपली होती का ती?”

“गिअर तसाच अडकतोय,” ती म्हणाली. “पन त्या जातीचं सगळंच अडकत असतील की.” मग म्हणाली, “काकू असती तर हॉर्नला पडली असती.”

त्या रात्री मी तो फोटो ग्रुपवर टाकला. पहिल्यांदाच गाडी पूर्ण दिसत होती. लिहिलं: आता तरी नक्की सांगा, ही कोणती?

बऱ्याच वेळाने साहेबांचं उत्तर आलं. “छायाचित्र फार दुरून घेतले आहे. यावरून काही सांगता येणार नाही. कृपया जवळून पाठवावे.”